फॉरमॅट न मारणारा माणूस

“आधी पिवळं कुठं दिसायलंय ते बघू.” कुणी काहीही बिघडलेलं घेऊन येवो, माझ्या समोरच्या दुकानदाराचं पहिलं वाक्य हेच. मग बाह्या वर सारायच्या, गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं आणि कॉम्प्युटरमधली एक यादी उघडायची. ज्या भागाचा ड्रायव्हर बिघडलाय, त्याच्यापुढं तिथं पिवळी खूण दिसते. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाचा आणि विंडोजचा दुभाषा. तो बदलला की काम भागतं. हे मलाही ठाऊक होतं, मंडळी. पण माझ्याकडं गर्दी फार आणि इलाज एकच, फॉरमॅट मारायचा, म्हणजे आतलं सगळं पुसायचं, आणि विंडोज नव्यानं टाकायची.

सेलूच्या स्टेशन रोडला त्यानं माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या बरोब्बर समोर तसलंच दुकान थाटलं. मूळचा बोरीचा. बायको नर्स, तिच्या बदलीमागं इथं आलेला. दिवाळीपर्यंत शटर ओढतोय बघा, असं मी चहावाल्याला म्हणालो होतो. कसलं काय. माझ्या बाकड्यावरची माणसं उठून त्याच्याकडं जाऊन बसायला लागली.

पोखर्णीचे एक गुरुजी माझ्याकडं लॅपटॉप घेऊन आले. आवाज गेलेला. मी म्हणालो, “ठेवून जा, फॉरमॅट मारतो.”

“अहो, लेकीच्या लग्नाचं सगळं यात हाय,” गुरुजी म्हणाले आणि लॅपटॉप उराशी धरून सरळ रस्ता ओलांडून गेले. त्यानं लॅपटॉप उलटा करून मॉडेल वाचलं, कंपनीच्या साइटवरून आवाजाचा ड्रायव्हर उतरवून घेतला. थोड्या वेळात त्या लग्नातली सनई माझ्या काउंटरपर्यंत ऐकू आली. मुद्दाम मोठ्यानं लावली होती, याची मला खात्री आहे.

तुम्ही म्हणाल, माणूस गुणी. होता की. पण गुणी माणसानं जरा गप्प बसावं. हा अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, “एक दार करकरायलंय म्हणून घर पाडता का?” वर दुपारी मलाच हाक, “ओ भाऊ, या, चहा घ्या.” मी जायचो. चहासुद्धा त्याच्याकडचाच चांगला लागायचा, आणि माझा जळफळाट व्हायचा.

तरी जिनिंग मिल माझी होती. त्या एका गिऱ्हाइकावर माझं दुकान आणि बाजारातली पत उभी होती. ऐन कापसाच्या हंगामात तिथल्या वजनकाट्याचा आकडा कॉम्प्युटरवर यायचा बंद झाला. बाहेर ट्रॅक्टरांची रांग. मी केबल काढून घातली, मशीन बंद करून चालू केलं, आणि तोंडातून तेच निघालं, “फॉरमॅट मारावा लागेल.”

मुनीमजी उखडले. “काट्याचं सॉफ्टवेअर परत कोण टाकणार? टाकणारा कवाच गाव सोडून गेला.” त्यांनी माझ्यासमोरच त्या बोरीवाल्याला फोन लावला.

तो आला, मला नमस्कार केला आणि यादी उघडली. विंडोजनं आपोआप नवा ड्रायव्हर घेतला होता आणि काट्याच्या जुन्या केबलला तो चालत नव्हता. “नवं ते सगळंच चांगलं नसतंय,” म्हणत त्यानं जुना ड्रायव्हर निवडला. आकडा आला. ट्रॅक्टर हलले. त्यानंतर मिलनं मला बोलावलं नाही, आणि मी त्याच्याकडं चहाला जायचं सोडलं.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या बायकोची लातूरला बदली झाली. सामान टेम्पोत भरून तो माझ्या काउंटरशी आला. “चाललो भाऊ. लय दिवस शेजार झाला.” मी नुसतं “बरं” म्हणालो. शटर पडलेलं बघून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत मिलचा फोन आला. मी ताठ मानेनं गेलो. आली ना शेवटी माझी आठवण. प्रिंटर चालत नव्हता. या वेळी मी यादी उघडली, प्रिंटरचा ड्रायव्हर नवा घातला, फॉरमॅटचं नावही काढलं नाही. मुनीमजी खूश झाले.

“ते बोरीवाले जाताना बजावून गेले,” ते म्हणाले. “म्हणले, दुसऱ्या कुणाला बोलवू नका, समोरच्या भाऊला बोलवा. त्याला सगळं येतंय, फकत घाई लय करतो.”

मी “हो का” म्हणालो. माझी मिल मला परत मिळाली होती, तीही त्याच्या शब्दावर. आणि तरातरा जाऊन भांडावं म्हटलं, तर समोर कुलूप.