आधी गावात वाचा

"बाबा, शेळ्या राखणं वेगळं आणि संशोधन वेगळं. चहा घ्या आणि बाहेर बसा."

विद्यापीठाच्या हॉलात सर माइकवर असं बोलले. पोरं हसली, मास्तर लोकबी हसले. म्या उभाच. इचारलं एवढंच होतं, की आमच्या बोअरच्या पाण्यात काय निघालं.

हे सर आन् त्यांची माणसं आमच्या गावात हळदीकुंकवाचं नाव करून आली होती. एरवी बायका एका जागी कशा जमतील? संक्रांतीचे दिवस बघून समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या. बायका नटून गेल्या. आधी कुंकू, मग वाणाची स्टीलची वाटी, मग दंडातून रगत. कागदावर अंगठा. आमची कारभारीण हसत घरी आली. म्हणली, "आवो, आवंदा वाण सुई टोचून मिळालं." जाताना बोअरचं पाणी बाटल्यात भरून नेलं. पुन्हा कुणी फिरकलं न्हाय. आमी तेच पाणी पीत राह्यलो.

मग तिचे पाय सुजले. तोंड सुजलं. किडन्या गेल्या म्हणले, आन् तीबी गेली. पाण्यानंच गेली असं म्या म्हणत न्हाय. मला काय कळतंय त्यातलं. पण यांना काहीतरी घावलं होतं आन् यांनी आमाला सांगितलं न्हाय. एवढं म्या छाती ठोकून म्हणतो.

ते मला मुरुम गावच्या एका पोरीनं सांगितलं. ती त्याच सरांच्या हाताखाली पीएचडी करती. म्हणली, तुमच्या गावावर इंग्रजीत लेख छापलाय, पण तो कुलपात हाय, पैसे भरल्याबिगर उघडत न्हाय. कुणाला दाखवू नको म्हणून सरांनी तिला बजावलेलं. तिनं आन् आणखी चार पोरांनी दर रविवारी कँटीनच्या मागं जमायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं एकच. ज्या गावचं पाणी, माती, रगत नेलं, त्या गावात आधी मराठीत वाचायचं. मग छापायचं, तेबी समद्यांना उघडं. त्यांची ही पहिली मोठी सभा. हॉल सरांनी दिला म्हणून सरच पाहुणे. पोरीनं मला बोलावलं होतं. म्हणली, तुमी इचारा.

म्या बाहेर गेलो न्हाय. तवा सर हळूच म्हणले, बाबांचा सत्कार करा. लगेच शाल आली, नारळ आला. शाल अंगावर पडली, तशी म्या काढून टेबलावर ठिवली.

"सायेब, सत्कार नको. पाण्याचं वाचा."

"ते इंग्रजीत आहे," सर म्हणले.

पोरगी उठली. हातात मोबाईल, त्यात तो लेख. सर तिला म्हणले, "विचार कर. पीएचडीवर शेवटची सही माझी लागते."

तिनं घोटभर पाणी पिलं आन् मराठीत वाचलं. "या बोअरचं पाणी पिण्यायोग्य नाही. तपासलेल्या काही स्त्रियांच्या रक्तात किडनी बिघडल्याच्या खुणा आहेत."

कुणी हसलं न्हाय.

गावानं ती बोअर बंद केली. ग्रामसभेत ठराव झाला, की इथून बाटलीभर पाणी न्यायचं तर निघालेलं आधी इथंच येऊन वाचायचं. शेजारच्या गावांनाबी म्या तेच सांगत फिरतोय. रविवारी पोरांत जाऊन बसतोय.

सरांनी पोरीच्या पीएचडीवर सही अजून केलेली न्हाय. त्यांना निरोप धाडलाय. सही अडवली, तर ज्यांचं रगत नेलं त्या समद्या बायका घेऊन म्या त्यांच्या हापिसाच्या दारात बसणार. बायकांना इचारलंय. त्या तयार हायेत.