रक्तातला चुना

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या काळूरामच्या हृदयात ऑपरेशन करून बसवलेली धातूची झडप होती. भरल्या घरात तिचा आवाज कुणाच्या कानावर गेला नसता. पण बायको गेली, मुलानं, दीपेशनं, ठाण्याला बिऱ्हाड केलं, आणि सुनेच्या बांगड्याही त्याच्यामागून गेल्या. दुपारी बाहेरचा रस्ता कंटेनरांनी तुंबला आणि ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली, की काळूरामला आपल्याच छातीतली टिकटिक ऐकू येई. अशा वेळी तो उठून उगाच भांडी हलवी.

झडपेवर रक्त गोठू नये म्हणून त्याला रोज एक गोळी घ्यावी लागे, आणि दर महिन्याला भिवंडीत जाऊन रक्त तपासावं लागे. तिथल्या लॅबमध्ये मृणाली नावाची मुलगी होती. ती बोलत बोलत सुई टोचायची, त्यामुळे दुखायचं कमी. एकदा काळूरामनं विचारलं, की रक्त जमिनीवर सांडलं तर लगेच थिजतं, मग या निळ्या बुचाच्या नळीत पातळ कसं राहतं? असं कुणी विचारत नसे. मृणाली खुलली. तिनं सांगितलं, की नळीतलं औषध रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि ते मोकळं नसलं की रक्त गोठत नाही. मग तिनं नळी यंत्रात फिरवली आणि रक्तावर सुटून आलेल्या पिवळट पाण्यात त्याच्यासमोरच कॅल्शियम असलेलं औषध घातलं. बघता बघता ते पाणी खरवसासारखं धरलं.

‘‘कॅल्शियम म्हंजी काय?’’

‘‘चुन्यात असतं ना काका, तेच,’’ असं म्हणून ती पुढच्या पेशंटकडे वळली.

काळूराम घरी आला तो गार पडूनच. मिसरूड फुटल्यापासून तो तंबाखूबरोबर चुना खात होता.

गावात मारुतीच्या देवळापुढे कट्टा होता. संध्याकाळी तिथं जुनी माणसं जमत. तंबाखू जुन्या सोबत्याची, नामाची, आणि चुना काळूरामचा, हे ठरून गेलेलं. एकानं मळायची, थाप मारून धूळ उडवायची आणि तळहात पुढे करायचा. ज्यानं त्या हातावरची चिमूट उचलली तो आपला. काळूरामची जमीन गोडाऊनला गेली, बँकेत पैसा आला. नामाकडे विकायला जमीनच नव्हती. तळहातावर मात्र दोघं सारखे.

त्या संध्याकाळी नामाचा हात पुढे आला आणि काळूरामनं नको म्हणून मान हलवली. कारण सांगितलं नाही. मरणाची भीती वाटते, हे कट्ट्यावर बोलायची गोष्ट नव्हती.

‘‘शेठ झाला रं काळ्या,’’ नामा म्हणाला. ‘‘आमची तंबाखू आता कडू लागनार.’’

सगळे हसले, काळूरामही हसला. दुसऱ्या दिवशी नामानं पुन्हा हात पुढे केला. त्यानंतर केला नाही. रिकाम्या हातानं कट्ट्यावर बसलं की माणूस परगावचा वाटतो. काळूराम हळूहळू तिकडे जायचाच थांबला.

मग संध्याकाळी फार लांबायला लागल्या. घराची मागची भिंत आणि गोडाऊनची भिंत यांच्यामध्ये बोळाएवढी जागा उरली होती. तिथं त्यानं माठ, मेथी, पालक पेरला. भाजी चांगली तरारली. रोज पाणी घालताना तो तिच्याशी चार शब्द बोलायचा. एकट्या माणसाला संपेना इतकी येई, म्हणून दोन्ही वेळा तीच खायची. आपल्या हाताची भाजी आणि चुना बंद, आता रक्त कसं ओढ्यासारखं वाहत असेल, असं त्याला वाटे.

रिपोर्ट उलटा आला. रक्त घट्ट होत होतं. डॉक्टरनं गोळी वाढवली, तरी पुढच्या वेळीही तेच.

मृणालीनं त्याला स्टुलावर बसवलं आणि गोळी चुकते का, म्हणून विचारलं.

‘‘न्हाय. मी तर चुनापन सोडला.’’

‘‘चुना कशाला सोडलात?’’

‘‘तूच बोललीस ना पोरी, त्यानं रक्त गोठतं.’’

तिनं हातातली नळी खाली ठेवली. मग पुष्कळ वेळ सांगत राहिली. खाल्लेल्या चुन्यानं रक्तातलं कॅल्शियम असं वरखाली होत नाही, शरीर ते हाडांच्या साठ्यातून सांभाळून असतं. रक्त गोठवणारी प्रथिनं असतात, त्यांतल्या काहींना बारीक चिमटे असतात. चिमट्यांत कॅल्शियम आलं तरच त्यांची घडी नीट बसते आणि ती जखमेच्या जागेला चिकटतात. नाहीतर आली तशी वाहून जातात. काकांची गोळी हे चिमटेच होऊ देत नाही.

‘‘मग आता कुठून आले?’’

‘‘पालेभाजी किती खाता?’’

त्यानं सांगितलं. सांगताना आधी थोडा अभिमान होता, मग आवाज उतरत गेला. ती म्हणाली, की पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वानं ते चिमटे पुन्हा होतात. भाजी बंद करू नका, पण थोडी आणि रोज सारखी खा. गोळीचं डॉक्टर बघतील. चुन्याबरोबर तंबाखू सुटली ते उत्तमच झालं. फक्त दोष चुन्याचा नव्हता.

‘‘म्हंजी मी उगाच...’’ एवढंच तो म्हणाला. तिला वाटलं, चुन्याबद्दल बोलतोय; त्याच्या डोळ्यांपुढे नामाचा पुढे केलेला हात होता.

घरी येऊन त्यानं माठाची मोठी जुडी उपटली आणि कट्ट्यावर गेला. कट्ट्यावर नामाची जागा रिकामी होती. नामाची बायको गोदू पाणी घेऊन चालली होती. तिनं सांगितलं, की नामाला गोडाऊनला वॉचमनची ड्युटी लागली, आता संध्याकाळी कुठले असायला.

नामा गोडाऊनच्या फाटकाच्या आत उभा होता. निळा सदरा त्याला खांद्यावर मोठा होत होता.

‘‘आत न्हाय घेता येत, काळ्या. साहेब बगतात.’’

काळूरामनं गजांतून जुडी पुढे केली. मग तिथंच उभ्यानं सगळं सांगून टाकलं. झडप, लॅब, चुना, आणि घरात एकट्यालाच मरण येईल आणि कुणाला कळणारही नाही, ही भीतीसुद्धा. नामा खाली बघून ऐकत राहिला.

‘‘सांगायचं होतंस रं,’’ तो म्हणाला. ‘‘बिनचुन्याची मळली असती.’’

तेवढ्यात हॉर्न वाजला. नामानं जुडी खुर्चीवर ठेवली आणि फाटक उघडायला धावला. एक कंटेनर आत गेला, त्याच्यामागे दुसरा, आणि वळणापर्यंत रांग लागलेली. धुरळ्यातून त्यानं हातानं खूण केली, की आता घरी जा.

काळूराम गेला नाही. रस्त्यापलीकडच्या दगडावर तो टेकला आणि रांग संपायची वाट बघत राहिला.