बटणं बडवू नका

काकूची नक्कल करायची तर आधी छातीभर हवा भरून घ्यावी लागते, कारण मधे श्वास घ्यायला ती जागाच ठेवत नाही. "आलीस का ये बस ती पँट उचल ती नाही गं निळी आईला सांग चेन बदलून झाली आणि तू अशी पिवळी का दिसतेस गोळी देऊ का?" हे सगळं एका दमात, आणि तेही ओठांत टाचण्या धरून. टाचण्यांमुळे तिचा 'स' शिट्टीसारखा वाजतो. तो मला हुबेहूब जमतो.

आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टला लागून तिचं दुकान आहे. नवीन कपडे ती शिवत नाही. लोकांचे जुने लांब-आखूड करते, कंबर सैल करते. गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावून मोठ्याने म्हणते, "कपडा आटलाय हो, तुमचं काही नाही," आणि ते बिचारं खूश होऊन जातं.

पण काकू पहिल्यापासून अशी सुपरफास्ट नव्हती. मी लहान असताना ती मशीनवर डोकं टेकून झोपायची. भर उन्हात स्वेटर, तोंड सुजलेलं, आणि आवाज जाड, ओला, खाली बसलेला. हाक मारली की बऱ्याच वेळाने यायचं, "का...य गं..." तेही मी पाहुण्यांसमोर करून दाखवायचे आणि आईचा चिमटा खायचे. मग कुणीतरी तिचं रक्त तपासून घेतलं. थायरॉइड मंदावलेला निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत काकू परत आली, तीसुद्धा व्याजासकट.

तेव्हापासून ती गोळी म्हणजे तिचा देव. वॉचमन पेंगतो? गोळी द्या. आईचे केस गळतात? गोळी. काका जेवल्यावर डुलकी काढतात? गोळी! काका एक डोळा उघडून म्हणायचे, "कंपाउंडरबाई, आधी तुमचा डोस घ्या."

काका लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांचा आवाज नळातून आल्यासारखा, आणि प्रत्येक वाक्याआधी 'काय आहे ना'. लाईट गेली आणि आत कुणी अडकलं की लोक घाबरून सगळी बटणं दाबत सुटतात. मग काका बाहेरून दाराला तोंड लावून ओरडतात, "काय आहे ना, बटणं बडवू नका! ती आता बॅटरीवर आहे. हळूहळू जवळच्या मजल्यावर जाईल आणि आपणहून दार उघडेल. तिला जाऊ द्या!" माझी ही नक्कल अख्ख्या इमारतीत गाजलेली. सगळ्यात जास्त हसायचे ते काकाच.

मग तो तापाचा विषाणू आला. घरोघरी माणसं खोकली, चार दिवस पडली, उठली. काका लिफ्टच्या खड्ड्यात उतरले ते वर येताना पायरीवरच बसले. संध्याकाळी ऑक्सिजन, दोन दिवसांनी आयसीयू, घशात नळी. त्या रात्री आई मला म्हणाली, "काकांचा आवाज काढायचा नाही. खबरदार."

"का?"

खरा आवाज नळीखाली बंद, खोटा माझ्या तोंडात बंद.

आयसीयूचे डॉक्टर तरुण आहेत. दर वाक्याला 'बघा' म्हणतात. एका दुपारी काकूने त्यांच्या हातातल्या रिपोर्टात डोकं घातलं आणि तिला ओळखीचं अक्षर दिसलं. टी-थ्री. समोर खाली तोंड केलेला बाण.

"थायरॉइड! ह्यांचा थायरॉइड कमी आहे! अहो मग गोळी द्या ना बसलाय काय?"

"बघा, ह्यांची ग्रंथी बिघडलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "इतका मोठा आजार झाला की शरीर आपणहून हा आकडा खाली आणतं. बघा, खर्च आवरतं. आत्ता बाहेरून गोळी दिली तर फायदा होईल असं दिसलेलं नाही, उलट हृदयावर ताण येईल. आणि ह्यांचं हृदय आधीच दमलंय."

"म्हणजे आकडा कमी आहे ते चांगलं?"

डॉक्टर एकदम 'बघा' विसरले. "नाही. आकडा जितका खाली, तितका आजार भारी. पण आकडा वर ढकलला म्हणून माणूस वर येत नाही."

काकू त्या बाणावर बोट ठेवून उभी राहिली.

त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे गेले आणि काकूच्या बोलण्यात जागा पडायला लागल्या. आधी वाक्यांच्या मधे, मग शब्दांच्या मधे. 'स'ची शिट्टी बसली. आई म्हणाली काळजीने होतं, शेजारी म्हणाले जागरणाने. मी न्हाणीघरात दार लावून तिचा हा नवा आवाज पकडायला बघत होते. जीभ जड केली, घसा खाली सोडला, आणि माझ्या तोंडून आलं, "का...य गं..." हा आवाज नवा नव्हताच. हा मला लहानपणापासून येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला काकूबरोबर मी गेले. आयसीयूबाहेरच्या बाकावर, लिफ्टशेजारी, आम्ही दोघी. गरम होत होतं आणि तिने शाल पांघरली होती.

"काकू, तू गोळी घेत नाहीस."

तिने पर्समधून दोऱ्याच्या बॉबिनची डबी काढली. झाकण उघडलं. आत बॉबिन नव्हती, पांढरी पूड होती.

"चिठ्ठीशिवाय... जास्तीच्या देत नाही तो औषधवाला. म्हणून... माझ्याच ठेवल्या." प्रत्येक शब्द ओढत आणत होती. "सिस्टर नाकातल्या नळीतून दूध घालते ना. त्याच्या आधी ती हात धुवायला जाते. तू तिला जरा धरून ठेव. तो बघा-बघा डॉक्टर करून दाखव. हसते ती तुला."

"डॉक्टरांनी नको सांगितलंय! हृदयावर—"

"त्याला काय कळतं? त्याचा गळा कधी... बंद पडलाय? मी मेल्यातच जमा होते. मला हिनेच उठवलं." तिने डबीचं झाकण लावलं. "हीच उठवेल त्यांना."

एवढ्या दिवसांची पूड. सगळी आजच घालणार होती की रोज चिमूट चिमूट, ते मी विचारलं नाही. दोन्ही सारखंच भयंकर वाटलं. दार सरकलं. आतून मशीनची टिकटिक आली आणि सिस्टरचा आवाज, "सात नंबरवाले, चला!"

काकू उठली. डबी मुठीत. मला ओरडायचं होतं, तिचा पदर धरायचा होता. पण माझ्या तोंडून माझा आवाज आलाच नाही. नळातून आल्यासारखा आला.

"काय आहे ना, बटणं बडवू नका. ती बॅटरीवर आहे. तिला जाऊ द्या. आणि कंपाउंडरबाई, आधी तुमचा डोस घ्या."

बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. काकूचा हात वर गेला. मला वाटलं, आता बसली कानाखाली. पण तिने भिंत धरली. माझ्याकडे बघितलंच नाही, त्या उघड्या दाराकडे बघत अगदी हळू विचारलं, "कुठल्या मजल्यावर थांबणार आहे हो?"

काका नेहमी 'जवळच्या' एवढंच म्हणायचे.

"मला माहीत नाही, काकू," मी माझ्या आवाजात म्हणाले.

"सात नंबर! येताय ना?"

तिने डबी माझ्या हातात कोंबली आणि रिकाम्या हातांनी आत गेली. काचेतून मला दिसत होतं. सिस्टर हात धुवायला गेली, काकू काकांच्या पायाशी उभी राहिली, आणि तिने नळीकडे पाठ केली.

डबी मी डॉक्टरांना दिली. कुणाच्या गोळ्या, तेही सांगितलं. मग त्यांनी काकूचं रक्त घेतलं. "बघा, ह्यांना मात्र गोळी हवीच," म्हणाले. आता रोज सकाळी आई समोर उभी राहून तिला गोळी गिळायला लावते. आवाज अजून जडच आहे. गोळी लागू पडायला आठवडे लागतात म्हणे.

काकांचा बाण अजून खालीच. आजार ओसरायला लागला की तो आपणहून वर येतो, असं डॉक्टर म्हणाले. ओसरायला लागला तर. काकांचा आवाज मी त्यानंतर काढलेला नाही.

काकू रोज बाकावर बसून एवढंच विचारते, "वर आला का?" डॉक्टर मानेनेच 'नाही' म्हणतात. शेजारची लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर थांबते, दार उघडल्याचा आवाज येतो, आणि दर वेळी काकू मान वर करून बघते.