बाबांचं पान आणि डोनलची टेस

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे सांगितली आहे, पुष्कळदा सांगितली आहे — पण ती वेगळी. थांबा, नीट सांगतो.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. रविवारी पुण्याच्या मंडळींचा व्हिडिओ कॉल लागला की भाच्या मागे लागतात, "नंदूमामा, टेसचं सांग ना." टेस म्हणजे आमच्या शेजारच्या डोनलची टेरियर कुत्री, बाजाराच्या पिशवीत मावेल एवढी. ती बिळात घुसते, आतल्या कोल्ह्याला हुसकावते, आणि मी — पोट सुटलेला, प्लांटमधले सेफ्टी बूट घालून शिकारीला निघालेला मी — कोल्हा दिसताच मागच्या मागे चरात बसतो. बसतो तो रुततो. मला उपसायला ट्रॅक्टर आणावा लागतो. मंडळी हसून लोळतात.

चराचं खरं आहे. ट्रॅक्टरचं खोटं. कोल्हा पळाला हे खोटं. आणि टेस — येतो तिथे. मला थोडं फिरून यावं लागेल.

आम्ही कॉर्क या आयरिश शहराबाहेर, रिंगास्किडीच्या बाजूला राहतो. मी औषधांच्या प्लांटमध्ये क्वालिटीत आहे. काही चुकलं तर तिथल्या तिथे कबूल करा, लपवू नका, असं नव्या मुलांना शिकवायचा मला पगार मिळतो. हसा, मीही हसतो. घरामागे काटेरी झुडपांनी भरलेला एक जुना मातीचा बांध आहे आणि बांधापलीकडे डोनलची मेंढरं. डोनल एकटाच राहतो. आम्ही इथे आलो तेव्हा चिखलात फसलेली आमची गाडी त्याने काढली, तेव्हापासून दर शनिवारी न विचारता दारात अंडी ठेवून जायचा.

बाबा गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. त्या वर्षी पितृपक्षात मी हट्टाने सगळं केलं — खीर, वडे, अळूच्या जागी पालक — आणि चंदेरी कागदाच्या द्रोणात बाबांचं पान बांधावर ठेवलं. कावळे आले, बघून गेले. इथल्या कावळ्यांना उडदाचा वडा म्हणजे काय ते काय ठाऊक? मी हात जोडून मनातल्या मनात सगळी वचनं देऊन टाकली, आईला इकडे आणतो, कर्ज फेडतो, चिडचिड कमी करतो. शिवेना. मग झुडपातून एक कोल्हीण आली आणि खिरीसकट सगळं चाटूनपुसून गेली.

मला काय वाटलं ते सांगू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. तिसऱ्या दिवशीही. पितृपक्ष संपला, मी थांबलो नाही. कचरा टाकून येतो, असं बायकोला, मुग्धाला सांगायचो आणि द्रोण घेऊन बांधावर जायचो. पोळी, भात, मग कॅन्टीनमधलं चिकनसुद्धा — आयुष्यभर कांदालसूण न खाल्लेल्या माझ्या बापाच्या नावाने चिकन. ती पुढे पुढे हातभर अंतरावर येऊन बसायची. मी तिला प्लांटमधल्या कटकटी सांगायचो. बाबांनी कधी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

नोव्हेंबरात डोनलच्या खुराड्यात नुसती पिसं उरली. तो माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझाच आल्याचा चहा पीत ते सांगत होता. मी "अरेरे" म्हणालो. तेव्हा सांगायला हवं होतं. पण काय सांगणार — की तुझ्या कोंबड्या खाणारीला मीच पोसतोय, कारण ती माझ्या वडिलांचं पान खाते?

नाताळच्या आधी ती दिसायची थांबली. मग एका दुपारी आली, खंगलेली. पोटाखालचे केस झडलेले, सड दुधाने टरारलेले. ती बांधात शिरली आणि आतून बारीक कुंईकुंई ऐकू आली. मी शहरी माणूस असलो तरी एवढं कळतं मला. पिल्लं होती.

आता डोनलने मला एक गोष्ट अनेकदा सांगितलेली होती. टेरियर बिळात पाठवायची ती हिवाळ्यात. तेव्हा कोल्हा एकटा असतो, कुत्रं भुंकलं की दुसऱ्या तोंडातून पळतो आणि बाहेर बंदूक उभी असते. वसंतात कुत्रं कधीही आत घालायचं नाही. कारण पिल्लंवाली कोल्हीण पळत नाही. आत, बिळाच्या बंद टोकाला, मरेपर्यंत उभी राहते. आणि समोर कुत्र्याचं तोंडच असतं.

पण हा डिसेंबर होता. डिसेंबरात पिल्लं नसतात. हे डोनलला ठाऊक होतं, त्याच्या बापाला ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त तिला. आणि माहीत होतं फक्त मला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंदूक, फावडं आणि टेसला घेऊन आला. कुत्रं आत सोडण्यापूर्वी ज्याच्या बांधाला लागून बीळ आहे त्याला विचारायचं, अशी त्यांची रीत. त्याच्या शब्दावर कुत्रं सोडायचं. गुडघ्यावर बसून टेसच्या गळ्यात पट्टा बांधत त्याने विचारलं, "नॅन्डू, बिळात काही शिरताना पाहिलंस का?"

मी म्हणालो, "नर आहे. एकटाच. मोठा आहे."

का? कारण पोट पाहिलं म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, एवढ्या जवळून कसं दिसलं? बस, एवढंच. एका प्रश्नाला घाबरलो.

"ग्रँड," तो म्हणाला — इथे 'ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात — आणि टेस आत गेली.

आधी भुंकणं आलं. मग भुंकणं बंद झालं आणि जमिनीखालून जे यायला लागलं त्याला मराठीत शब्द नाही, मी शोधला आहे. कुणीच बाहेर येईना. डोनलने मातीला कान लावला आणि त्याचा चेहरा बदलला. बंदूक फेकून तो खणू लागला. मी मागे सरकलो आणि चरात पडलो — हो, तीच ती मंडळींना हसवणारी जागा. तिथूनच मी सगळं पाहिलं.

माती फुटली तेव्हा दोघी एकमेकींत अडकलेल्या होत्या. कोल्हिणीच्या तोंडात टेसचा खालचा जबडा होता, नुसता कातड्यावर लोंबणारा. टेसचा एक डोळा नव्हता. तरी टेस पंजे रोवून तिला चिकटलेली होती आणि सोडायला तयार नव्हती. डोनलने फावड्याच्या पात्याने कोल्हिणीचं डोकं फोडलं. एका घावात झालं नाही. तिने मरताना माझ्याकडे पाहिलं असं मला वाटतं. पण मला काय, बाबांनी पाहिलं असंही वाटतं.

मग त्याला पिल्लं दिसली. डोळे न उघडलेली, काळपट, उंदरासारखी.  त्याने टेसला माझ्या मांडीवर दिलं, म्हणाला, "तू तिकडे तोंड कर, तुला बघवणार नाही," आणि माझ्या पाठीमागे फावडं पुन्हा पुन्हा खाली आलं. टेसचं गरम रक्त माझ्या पॅन्टमधून मांडीला लागत होतं. ती माझा अंगठा चाटायला बघत होती, जिभेला आधार नव्हता.

आणि तेव्हा उकरलेल्या मातीत मला तो दिसला. द्रोण. चंदेरी, चावलेला, पिल्लांखाली अंथरलेला. डोनल अजून वाकलेला होता. मी सेफ्टी बूट पुढे केला आणि द्रोण चिखलात दाबला. पूर्ण दिसेनासा होईपर्यंत दाबला.

टेस जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलावरच गेली. मरणाची सुई द्यावी लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, यंदा थंडी पडलीच नाही, त्यात कुठून आयतं खायला मिळत असेल, मग ऋतू चुकतो कधीकधी. डोनलने विचारलं, "कोल्ह्याला खायला कोण घालेल?" मी भिंतीवरचं गोचिडांच्या औषधाचं पोस्टर वाचत होतो.

त्याने पुन्हा कुत्रं पाळलं नाही. अंडी आता दुकानातून आणून ठेवतो.

पुढच्या गणपतीत तो आरतीला आला. घर भरलेलं, मी रंगात, टेसची गोष्ट ट्रॅक्टरपर्यंत पोचलेली. डोनल कोपऱ्यात मोदक घेऊन ऐकत होता. माझी लेक ईरा, तिला खरं कधी सांगितलंच नव्हतं, वळून तिच्या त्या आयरिश हेलात म्हणाली, "हाउज टेस, डोनल?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ग्रँड. शी इज ग्रँड, लव्ह."

निघताना मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. तो म्हणाला, "पोरीला सांगितलं नाहीस, बरं केलंस. चूक माझीच होती. ऋतू मला ओळखायला हवा होता, तू तरी काय करणार." 

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "असू दे, डोनल. होतं असं."

मी त्याला माफ केलं.