ऑफिसचं नेट

सिंगापूरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या मते तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता?" मी "संयम" म्हणायला तोंड उघडलं आणि बाई स्क्रीनवर थिजल्या. एक डोळा अर्धवट मिटलेला, हात हवेत. खालच्या छोट्या चौकटीत मीही आ वासून बसलेलो. कपाटावरच्या राउटरचे सगळे दिवे एकदम विझले होते आणि आता एकेक करून पुन्हा लागत होते. चार मिनिटांनी बाई परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा गेल्या त्या गेल्याच. मग मेल आला की पुढच्या गुरुवारी साडेदहाला शेवटचं बोलणं करू, तेव्हा तेवढी जोडणी नीट असेल असं बघा.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि सात महिने बेकार होतो. हे बायकोला माहीत होतं, मला माहीत होतं आणि बाबांना माहीत नव्हतं.

बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनी नोकरी काढली आणि निवृत्तीच्या आधी मुनिरकाच्या फ्लॅटसाठी नाव लावून तो मिळवला. सरकारी नोकरी सोडून इतर नोकऱ्यांवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. नोएडात काचेच्या इमारती उठायला लागल्या आणि मी त्यांतल्या एकीत रुजू झालो, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पेन्शन नाही म्हणजे ते पाहुण्यासारखं काम." चौदा वर्षांनी पाहुण्याला दार दाखवलं गेलं. आता हे बाबांना सांगायचं म्हणजे त्यांचं ते वाक्य खरं होतं असं कबूल करायचं. माझ्यानं होईना. मी सांगितलं की कंपनीनं आता घरून काम करायला सांगितलंय, आणि त्यासाठी इंटरनेटसुद्धा कंपनीच देतेय.

हे दुसरं खोटं मी कशाला बोललो, देव जाणे. पहिलं एकटं पडू नये म्हणून बोललो असेन.

बाबांना मात्र ते फार आवडलं. घरात ऑफिसचं नेट आलं म्हणजे मुलाला कुठेतरी मान आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मी खोलीचं दार लावून बसलो की ते आल्यागेल्याला हळू आवाजात सांगत, "त्याचं ऑफिस चालू आहे." आत मी नोकरीच्या जाहिराती वाचत असे.

गुरुवारपर्यंत आठ दिवस होते. बायको सकाळी शाळेत शिकवायला जाई, बाबा पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसत आणि मी राउटरच्या मागे लागे. सांगायला लाज वाटते, पण माझी सगळी नोकरी याच धंद्यात गेली होती. टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांची गिऱ्हाइकं तक्रार करायला फोन करतात, त्यांच्याशी बोलणाऱ्या मुलामुलींना मी शिकवत असे. गिऱ्हाईक चिडलं तर काय म्हणायचं, दिलगिरी कितीदा व्यक्त करायची, हे मी कागदावर उतरवून द्यायचो. त्यामुळे मी तक्रारीचा नंबर फिरवला आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आपकी परेशानी मैं समझ सकती हूँ," तेव्हा मला घाम फुटला. परेशानी समजून घ्यायचं ते वाक्य तिसऱ्या मिनिटाच्या आत आलंच पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मग तिनं सांगितलं की राउटर बंद करून पुन्हा चालू करा. तेही मीच शिकवायचो. खरं म्हणजे त्या यंत्रात काय बिघडतं, हे मला कधीच कळत नव्हतं. मला फक्त बोलायचं कसं ते येत होतं.

मी राउटर कपाटावरून काढून खिडकीत ठेवला. तिथे ऊन लागतं म्हणून दिवाणाखाली ठेवला. वायर बदलली. बायकोचा मिक्सर चालू झाला की लाइन जाते असा मला संशय आला, आणि दोन दिवस मी तिला चटणी पाट्यावर वाटायला सांगितलं. घरात पाटा नव्हता. तिनं बाजारातून तयार चटणी आणली. एका वहीत मी लाइन तुटल्याच्या वेळा लिहायला लागलो. पहाटे पाच ते आठ लोण्यासारखी चालायची. नऊनंतर आचके द्यायला लागायची आणि दहापासून जेवणाच्या वेळेपर्यंत दर दहा मिनिटांनी मरायची. म्हणजे नेमकी साडेदहाला. मला वाटायला लागलं की हे माझ्याच नशिबात लिहून ठेवलंय. मी इतका खचलो होतो की सोमवारी दुपारी राउटरसमोर हात जोडून उभा राहिलो. थट्टा म्हणून नाही, खरोखर. त्या नोकरीशिवाय आमच्याकडे दुसरं काहीही येऊ घातलेलं नव्हतं. या वयाच्या माणसाला मुलाखतीपर्यंत नेणारी ती सात महिन्यांतली एकच कंपनी होती.

मंगळवारी कंपनीचा माणूस आला. मुनिरका गावाच्या गल्ल्यांमधून सायकल काढून आल्यामुळे वैतागलेला, पण कामात पक्का. त्यानं खांबापासून घरापर्यंतची वायर तपासली, राउटरला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "लाइन तो बिल्कुल ठीक है सर. कितने लोग चलाते हैं?"

"तीन," मी म्हणालो. "असल में दो. पिताजी तो कंप्यूटर छूते भी नहीं."

त्यानं माझ्या लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं आणि जोडलेल्या यंत्रांची यादी काढली. बोटानं एकेक ओळ मोजली. "सत्रह," तो म्हणाला. "ये छोटा डब्बा है सर, आठ-दस में हाँफ जाता है. सत्रह में तो बेचारा गिरेगा ही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही यादी मी इतक्या दिवसांत कधीही उघडू शकलो असतो. कुणीतरी पासवर्ड चोरला, असं मी त्या माणसाला रागारागानं सांगत होतो, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले, "चोरला कशाला? मी दिलाय. डब्याच्या खाली लिहिलेलाच आहे की."

हे समजायला आमचं सरोजिनी नगरचं घर माहीत पाहिजे. बाबांना सरकारी फोन होता, आणि आसपासच्या मराठी घरांत तेव्हा दुसरा फोन नव्हता. बाहेर फोन लावायला बाबा मलासुद्धा हात लावू देत नसत. पण आलेला फोन सगळ्यांचा. मी लहानपणी धावत जाऊन चार ब्लॉक पलीकडच्या काकूंना बोलावून आणायचो, "नागपूरहून फोन आहे." महाराष्ट्रातून परीक्षेला आलेली मुलं पत्त्यात आमचं घर लिहायची. दिल्लीत मराठी ऐकू आलं की माणसाला घरी आणायचं, हा आमच्या घरचा धर्मच होता. मुनिरकाला आल्यावरही तो सुटला नाही. आमच्या बाल्कनीसमोर हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ गावातल्या चार मजली इमारती, आणि त्यांतल्या खोल्यांत सोलापूर, बीड, यवतमाळहून आलेली स्पर्धा परीक्षेची मुलंमुली. भाजीवाल्याकडे कुणी "अगं, मेथी घे ना" म्हणालं की बाबा तिथेच ओळख काढत.

"ऑफिसचं आहे ना ते?" बाबा मला म्हणाले. "तू एकटा किती वापरणार? बाकीचं नुसतं वाहूनच जातं. चार पोरांचा अभ्यास होतोय."

तो माणूस निघून गेला होता. मी बाबांसमोर उभा होतो आणि मला ओरडायचं होतं. ऑफिसचं नाहीये, ऑफिसच नाहीये, तुमच्या सतरा पोरांनी माझ्या पोटावर पाय दिलाय, असं काहीतरी. पण त्यांनी जे केलं ते माझ्याच शब्दांवर विसंबून केलं होतं. कंपनीचं नेट आहे असं मी म्हणालो नसतो, तर त्यांनी माझ्या नेटमधला थेंबसुद्धा मला न विचारता कुणाला दिला नसता. त्यामुळे मी ओरडलो नाही. मी तिसरं खोटं बोललो.

"बाबा, ऑफिसनं नियम काढलाय. बाहेरच्या कुणाला द्यायचं नाही."

बाबा ताठ झाले. "लेखी आलंय?"

"हो. मेल आलाय."

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. आधी सांगायचंस ना, माझ्यामुळे उगीच तुझ्याकडून चूक झाली." आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दुपारच्या उन्हात, टोपी घालून ते खाली उतरले. प्रत्येक मुलाला स्वतः जाऊन सांगून आले की माझ्या मुलाच्या ऑफिसचा आदेश आहे, राग मानू नका. परत आले तेव्हा जिन्यात दोनदा थांबले होते. मी खोलीत बसून पासवर्ड बदलला. मी नीच आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी यवतमाळची एक मुलगी दारात आली. बाबा फिरायला गेले होते. "काका, उद्या माझी सराव परीक्षा आहे, ऑनलाइन. फक्त उद्या सकाळी दोन तास मिळेल का? मी जिन्यात बसेन." एका यंत्रानं काही बिघडलं नसतं, हे मला त्या माणसाच्या हिशोबानं कळत होतं. पण मी आठ दिवस झोपलो नव्हतो आणि मला एका यंत्राचीसुद्धा भीती वाटत होती. मी म्हणालो, "ऑफिसचा नियम आहे." ती म्हणाली, "चालेल काका," आणि चप्पल घालून खाली गेली. 

रात्री बायको म्हणाली, "बाबांना सांगून टाक ना यार. उद्या नोकरी मिळाली तर तेव्हा सांगशील, आणि नाही मिळाली तर?" मी म्हणालो, मिळणार. लाइन आता ठीक आहे ना, मग मिळणारच. खरंच, माझ्या डोक्यात हे दोन्ही एकच होऊन बसलं होतं. लाइन टिकली की नोकरी लागली.

गुरुवारी साडेदहाला बाई आल्या. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या मागच्या भिंतीवरचा खिळा दिसत होता. हेडफोनचा माइक बिघडलेला, म्हणून मी आवाज लॅपटॉपवरूनच ठेवला होता. पहिली पंधरा मिनिटं छान गेली. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुम्हाला काढलं, आणि तेव्हापासून तुम्ही घरी आहात. हे सात महिने तुम्ही काय केलंत?"

उत्तर मी पाठ केलं होतं, सल्लागार म्हणून छोटी कामं करतोय वगैरे. ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "नोकरी शोधली." बाईंनी मान हलवली. मग त्या चॅटबद्दल विचारायला लागल्या. गिऱ्हाईक आता फोन करत नाही, टाइप करतं. तसं तुम्ही कुणाला शिकवलंय का? मी नव्हतं शिकवलं. मला बोलायला शिकवता येतं, एवढंच. मी तेच तीन प्रकारे सांगितलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईंचा चेहरा हळूहळू सौजन्यपूर्ण होत गेला, आणि तो चेहरा मला ओळखता येत होता, कारण तोही मी शिकवायचो. मग मी कपाटावरच्या राउटरकडे पाहिलं. मला आता लाइन तुटायला हवी होती. मनापासून हवी होती. सगळे दिवे हिरवे होते आणि एकही लुकलुकत नव्हता.

"तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार," बाई म्हणाल्या. "पण आम्हाला वाटतं, ही जागा तुमच्यासाठी नाही." मी आभार मानले. त्यांनी आभार मानले. जोडणी त्यांनीच व्यवस्थित बंद केली.

मी लॅपटॉप मिटला. मग घरात कसलाच आवाज नाही, हे माझ्या लक्षात आलं. दार उघडून बाहेर आलो. बाबा खुर्चीत बसले होते. मे महिन्यातले अकरा वाजलेले, आणि त्यांनी पंखा बंद केला होता. माझ्या मीटिंगमध्ये घरघर येऊ नये म्हणून. बनियन भिजून अंगाला चिकटली होती. पेपर घडी न मोडता मांडीवर होता. त्यांनी आयुष्यभर मंत्रालयात इंग्रजी मसुदे लिहिले होते. बाईंचा एकही शब्द त्यांना अवघड जाणार नव्हता.

मी पंखा लावला. त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो, आणि मला रडू आलं. बाबांनी मला थांबवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आज लाइन चांगली होती," ते म्हणाले. "मला सगळं ऐकू आलं."