झाकणाचं भोक

“दम घेऊ द्या त्याले, साहेब.” गवत कापायचं मशीन बंद पडलं की माळीकाका त्याच्याशेजारी उकिडवे बसत आणि हेच म्हणत. पेट्रोलचं इंजिन त्यांच्या लेखी थकलेला बैल होता.

वारज्यातली आमची सोसायटी तेव्हा नवी होती. निम्मे लोक कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचे. हिरवळ नवी, मशीन नवं आणि आमच्याकडचा पैसाही नवाच. काका वर्ध्याकडचे, ठेकेदाराने पाठवलेले. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, तेवढ्यावर भागायचं. तुमच्याही सोसायटीत असे एक असतील.

मशीन आधीपासूनच आडमुठं. मी दोरीला दहा हिसके द्यायचो. काका मला बाजूला करून आधी प्लग काढत आणि नाकाशी धरत. ओला लागला तर सदऱ्याला पुसत म्हणत, “जास्त पाजलं याले.” मग एकदाच दोरी ओढत आणि मशीन सुरू होई. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

कमिटीने बागेचं काम माझ्याकडे दिलं. त्या उन्हाळ्यात मला पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक दिसलं. पेट्रोल इथूनच उडून जातंय असं मी ठरवलं आणि खिडकीच्या काचा बसवताना उरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, त्यात ठासून भरली. कुणाला सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?

तेव्हापासून मशीन पाच मिनिटं चाले आणि मान टाके. एकदा काका जिना चढून दाराशी आले. “साहेब, ते झाकणाचं जरा...” मी अमेरिकेच्या फोनवर होतो. हातानेच ‘नंतर’ म्हटलं. ते चपला घालून खाली गेले.

पुढच्या रविवारी मी गॅलरीतून पाहिलं, तर काका टाकीचं झाकण उघडून इकडेतिकडे बघत होते. झाकण पुन्हा लावलं, थोडं गवत कापलं, पुन्हा उघडलं. पेट्रोल चोरतात, मला शंकाच उरली नाही. कमिटीला मी ते तिखटमीठ लावून सांगितलं. आज ते लिहितानाही कान तापतात.

काकांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. “झाकण खोललं, हे खरं हाय,” ते म्हणाले. कशासाठी, हे कुणी विचारायच्या आधीच अध्यक्षांनी ठेकेदाराला फोन लावून दुसरा माणूस मागितला होता.

मशीन तरीही बंद पडायचंच. शेवटी मेकॅनिक आला. त्याने झाकण उलटं केलं आणि हसला. त्या भोकातून टाकीत हवा जाते. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही, आणि झाकण उघडलं की इंजिन पुन्हा चालतं, असं त्याने आम्हाला सांगितलं. मग टोच्याने लांबी उकरत विचारलं, “हा शहाणपणा कोणाचा?”

“त्या माळ्याचाच असणार,” अध्यक्ष म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो.

महिन्याभराने लाज अनावर झाली, तेव्हा ठेकेदाराला फोन करून आमचे काका कुठे आहेत ते विचारलं. कात्रजच्या साइटवर असतील, नाहीतर गावी गेले असतील, तो म्हणाला. “माझ्याकडे असे वीस काका आहेत. नाव सांगा, शोधतो.”

मला नाव सांगता आलं नाही.

मशीन आता पहिल्या ओढीला सुरू होतं. ते चालू असेपर्यंत मी गॅलरीचं दार लावून घेतो.