म्हैस डोहात बसेपर्यंत

आमच्या घरी थंडी कॅलेंडरने जात नाही, म्हशीने जाते. मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावाबाहेर नाल्याला एक डोह आहे. पाणी गार पडलं की म्हैस काठावरूनच पिते आणि माघारी फिरते. ज्या दिवशी ती आपल्या मर्जीने आत शिरून गळ्यापर्यंत बसेल, त्या दिवशी थंडी गेली. मग रजया धुवायच्या, बाजा अंगणात काढायच्या. मोबाईल काय वाट्टेल ते सांगो. शेजारच्या चाचांचा बकऱ्यांचा धंदा, त्यांचं शास्त्र वेगळं. बकऱ्या एकमेकींना चिकटून झोपायच्या थांबल्या की ते स्वेटर काढतात. यावरून बाबांची आणि त्यांची दर हिवाळ्यात जुंपते.

मागच्या थंडीत आईच्या दम्याने उचल खाल्ली. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, धोका टळला, आता यांना उठवा, चालवा. पण आई उठेचना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी सासरहून धावत आले होते. पेज करून द्यावी तर दोन घोट घेऊन वाटी सरकवायची. "थंडी गेली त उठीन," म्हणायची, "नाई त थंडीसंगच जाईन." असा संताप यायचा मला! "काई बी बोलू नको वं आई," म्हणून ओरडायचे आणि स्वयंपाकघरात येऊन रडायचे.

बाबा रोज दुपारी म्हैस डोहावर न्यायचे. परत आले की आई विचारायची, "बसली का?" बाबा नुसती मान हलवायचे. आई पुन्हा भिंतीकडे वळायची. माझ्या बापाचं तोंड त्या वेळी बघवत नसे.

एक दिवस ऊन कलायला आलं तरी त्यांचा पत्ता नाही. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आले. तेवढ्यात अंगणातून आरोळी आली, "अवं, बसली! म्हैस बसली! गेली थंडी!"

मी दार उघडलं. बाबा टोपीपासून पायजम्यापर्यंत ओलेचिंब, दात कडकड वाजताहेत, कानाला शेवाळ लागलेलं. मागे म्हैस उभी, तिच्या पाठीवरची धूळसुद्धा जागची हललेली नाही. तिची दोरी चाचांच्या हातात.

"भाभी, याहीले समजावा," चाचा दारातूनच आईला म्हणाले. "म्हशीले मांगून ढकलून राह्यले होते. म्हैस सरकली बाजूले अन् हे धपकन आत!"

"भाई, गप राय ना!" बाबा कळवळून म्हणाले.

खाटेवरून आईला सगळं दिसत होतं. तिने आधी म्हशीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काहो," ती म्हणाली, "म्हैस बसली का तुमी बसले?"

आणि हसली. कितीतरी दिवसांनी माझी आई हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मी घाबरून दम्याचा पंप आणायला धावले. घेऊन वळते तर काय, बाई खाटेवरून उतरून उभी! भिंतीला धरत धरत बाबांपर्यंत आली, अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि पदराने त्यांचं डोकं खसाखसा पुसायला लागली.

"अक्कल हाये का जराशी? या वयात निमोनिया करून घेता का? अन् म्हशीच्या नावानं खोटं बोलता!"

बाबांनी तिचा हात धरला. मी समोर, चाचा समोर, त्यांना कशाचंच भान नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मले एकट्याले टाकून नोको जाऊ वं," ते म्हणाले.

आईने दुसऱ्या हाताने पदर त्यांच्या डोळ्यांना लावला.

"नाई जात कुठी," ती म्हणाली आणि माझ्यावर डाफरली, "तू पाहत काय उभी राह्यली? याहीच्या आंघोळीले पाणी तापव."